पान मांडलंय, माती थिजतेय

मुलाखत घ्यायला येणारी तरुण मंडळी मला हमखास एक प्रश्न विचारतात. "मॅडम, या विषयाची प्रेरणा तुम्हाला कुणाकडून मिळाली?" त्यांना एखादे थोर गुरू हवे असतात, निदान एखादं पुस्तक तरी. मी इंजिनिअरिंग कॉलेजात आयुष्यभर शिकवलं आणि ज्या पदार्थांवर संशोधन केलं ते म्हणजे ग्रीस, रंग, टूथपेस्ट, ओलं सिमेंट, चिखल. जे धड घट्ट नाहीत, धड पातळ नाहीत आणि ज्यांचं वागणं कुठल्याच सरळ नियमात बसत नाही. असल्या पदार्थांकडे माणूस प्रेरणेने वळत नाही, वैतागाने वळतो. माझा वैताग घरातच सुरू झाला आणि नेमकं सांगायचं तर दुपारच्या जेवणापासून सुरू झाला. हे सांगितलं की मुलं हसतात आणि लिहून घेत नाहीत. म्हणून मीच लिहून ठेवते.

आमचं घर म्हैसूरला, सरस्वतीपुरममध्ये. अप्पा म्हणजे माझे वडील, हायस्कुलात ड्रिल मास्तर. आमचे पूर्वज मराठी मुलखातून येऊन जुन्या म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार झाले होते म्हणे. त्यांची एक तलवार देवघराशेजारी खुंटीला टांगलेली असे. म्यानाला एवढा गंज चढला होता की ती बाहेर काढायला दोघं लागली असती, पण फौजेची शिस्त मात्र अप्पांच्या अंगात जशीच्या तशी उतरली होती, आणि ती सगळी शिस्त जेवणाच्या पाटावर येऊन बसायची. घरातली चारही माणसं पानावर बसल्याशिवाय अप्पा घासाला हात लावत नसत. एक जण कमी असला तर कवायत सुरू होत नाही, हे त्यांचं तत्त्व. मी, आई आणि माझा धाकटा भाऊ रघू, आम्ही कुठेही असलो तरी दुपारी घरी हजर व्हायचं. रघूचं कॉलेज कोपऱ्यावर होतं, त्याला काय जातंय! माझं कॉलेज लांब, सायकलवरून उन्हातून यायचं आणि जेवून पुन्हा तेवढंच तुडवत जायचं. उशीर झाला तर अप्पा स्कूटर काढून थेट कॉलेजच्या फाटकाशी येत आणि गळ्यातली शिट्टी फुंकत. शाळेतली ड्रिलची शिट्टी! आमच्या वर्गातल्या एकूण एक मुलाला ती शिट्टी कुणासाठी आहे हे ठाऊक होतं. आजही रस्त्यावर पोलिसाने शिट्टी वाजवली की मला आधी भूक लागते आणि मग राग येतो.

राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा पुण्याचे एक नातेवाईक अप्पांना म्हणाले होते, "आता तुम्ही मंडळी इकडे या." अप्पांनी विचारलं, "इकडे म्हणजे कुठे? आम्ही निघालो तेव्हा तुमचं राज्यच नव्हतं." ते गेल्यावर कितीतरी दिवस अप्पा स्वतःच्याच विनोदावर हसत होते. पुढे म्हैसूर राज्याचं नावही बदललं, पण आमच्या स्वयंपाकघरात काही फरक पडला नाही. तिथे पूर्वीपासून दोन मुलखांचा तह झालेला होता. पुरणपोळी आमची, तिच्या कटाचा सारु त्यांचा. भाकरी आमची, तिच्याबरोबरचं एण्णेगाई वांगं त्यांचं. बोलण्याचीही तीच तऱ्हा. सकाळी जवळच्या वरुणा गावाहून सायकलवर दुधाचे कॅन खडखडवत गवळी यायचा, आई त्याच्याशी कानडीत भांडायला सुरुवात करायची आणि दूध तापवेपर्यंत मराठीत पुटपुटत राहायची. मग वाटणाच्या रगड्याची घरघर, रेडिओवरच्या कानडी बातम्या, अप्पांचं मोजून चाललेलं दंड काढणं. या सगळ्या गोंगाटात बसून मी इंजिनिअर झाले आणि एवढ्यावर न थांबता संशोधनाला नाव घातलं. अप्पांची हरकत नव्हती. जेवायला घरी ये, एवढंच त्यांचं म्हणणं.

संशोधनाचा विषय होता माती. पाण्यात कालवलेली एक बारीक चिकणमाती. खोल खड्डा किंवा बोअर खणताना त्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून ती आत ओततात. तिची गंमत अशी की ढवळली की ती ताकासारखी वाहते आणि तशीच ठेवली की थिजून उभी राहते. किती घट्ट थिजते, हे मला मोजायचं होतं. त्यासाठी प्रयोगशाळेत एक विस्कोमीटर होता. भांड्यात माती घालायची, त्यात एक दांडा सोडायचा आणि तो फिरवायला किती जोर लागतो ते काटा दाखवतो. पुस्तकात लिहिलं होतं, माझे सरही म्हणत होते, की ही माती तासाभरात बसते आणि मग तशीच राहते. म्हणून मी सकाळी माती ढवळून भांड्यात घालायचे, ती सुकू नये म्हणून वर तेलाचा पातळ थर द्यायचे, सायकल काढून घरी जेवायला जायचे, आणि परत आले की काटा बघायचे. तासाच्या वर वेळ झालेला असायचाच, मग काळजी कसली?

पण काटा रोज नवीन काहीतरी सांगायचा. तीच माती, तेच पाणी, तेच माप, आणि सोमवारचा आकडा बुधवारशी जुळायचा नाही. मी भांडी घासून घासून झिजवली, पाणी बदललं, मातीची नवी गोणी फोडली. एकदा चिडून यंत्राला चापटही मारली. सरांचा माझ्यावर विश्वास होता, पण तो हळूहळू पातळ होत चालला होता. त्यांचा स्वभाव तापट. शहराबाहेर कडकोळच्या कारखान्यांमध्ये ते सल्ला द्यायला जात आणि तिथल्या लोकांवरचा राग परत आल्यावर आमच्यावर काढत. दसऱ्याच्या थोडं आधी त्यांनी मला बोलावलं.

"एनम्मा, काय गं हे," ते माझ्या आलेखाकडे बघत म्हणाले, "ही माती आहे का म्हैसूरची हवा? रोज वेगळी?"

"सर, मी सगळं तसंच करते."

"तसंच केलं तर तसंच आलं पाहिजे. दसरा झाला की मला तीन वेळा सारखा आकडा दाखव. नाही जमलं, तर हा विषय मी दुसऱ्याला देईन. वर्ष फुकट घालवायला मला आवडत नाही, तुझंही घालवू नकोस."

घरी येऊन हे सांगितलं तर अप्पांना वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या ओळखीने मुलींच्या पॉलिटेक्निकमध्ये एक जागा माझ्यासाठी जवळजवळ पक्की झालेली होती. "चांगलं आहे की," ते म्हणाले, "आणि सरस्वतीपुरममध्येच आहे. चालत जेवायला येता येईल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं अख्खं आयुष्य पणाला लागलं होतं आणि या माणसाला दिसत होतं ते पान!

त्यात आला दसरा. म्हैसूरच्या बाहेरच्या लोकांना दसरा म्हणजे हत्ती, अंबारी, राजवाड्याचे दिवे वाटतात. म्हैसूरच्या माणसाला दसरा म्हणजे पाहुणे. मिरवणूक बघायला हुबळीचे, धारवाडचे, बेळगावचे, कधीही तोंड न दाखवणारे सगळे उगवतात आणि प्रदर्शन संपेपर्यंत हलत नाहीत. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, अशी आमची अवस्था. माझ्या खोलीत हुबळीच्या मावशी, त्यांच्या जावा आणि त्यांच्या ट्रंका. मी मातीचा विचार करायला मोरीत जाऊन बसायचे, तर तिथेही कुणीतरी दार वाजवायचं.

नवमीच्या सकाळी, घर उठायच्या आत, मी सायकल काढून कॉलेजात गेले. त्या दिवशी आयुधपूजा, म्हणून प्रयोगशाळा उघडी होती. निंगप्पा, आमचा प्रयोगशाळेतला अटेंडर, लेथ आणि ड्रिलची यंत्रं धुऊन पुसून पूजेची तयारी करत होता. मी म्हटलं, पूजेच्या आधी एक आकडा तरी घेऊन टाकू. माती ढवळली, भांड्यात घातली, तेल सोडलं, दांडा बसवला आणि तास होण्याची वाट बघत बसले. जेवण नाही, सायकल नाही, पाहुणे नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी शांतपणे एक प्रयोग करत होते. एवढ्यात बाहेर अप्पांच्या स्कूटरचा आवाज आला आणि मी कपाळाला हात लावला.

मागच्या सीटवर आई होती. मांडीवर ताम्हन, ताम्हनात कुंकू, हळद, गंध, आंब्याची पानं, शेवंतीची माळ.

"अय्यो पद्दू, न सांगता निघून आलीस की गं!" ती पायऱ्या चढत म्हणाली. "कुठे आहे तुझं मशीन?"

"आई, कशाला आलीस? निंगप्पा करतोय ना सगळ्यांची पूजा."

"त्याचं त्याच्या जागी. घरी तलवारीची केली, विळीची केली, ह्यांच्या स्कूटरची केली. तुझं आयुध नको का? नोडु, बघ, सुम्ने गप बाजूला हो."

मी बाजूला झाले नाही. आईने मला हाताने बाजूला केलं. बघता बघता यंत्राला माळ पडली, खांबाला आंब्याची पानं बांधली गेली, झाकणावर कुंकू चढलं, आणि काट्याच्या काचेवर तिने चांगला मोठा गंधाचा टिळा लावला, नेमका आकड्यांवर. निंगप्पा कौतुकाने बघत होता. तास होत आला होता. मी म्हटलं, "झाली ना पूजा? आता मला फक्त एकदा फिरवून बघू दे."

आई घाबरून माझा हात धरायला धावली. "बेडा! नको! पूजा झाल्यावर आयुधाला हात लावतात होय? आज त्याने बसायचं. वर्षभर राबतंय बिचारं."

"आई, ते नाही राबत, मी राबते!"

"मग तूही बस," अप्पा दारातून म्हणाले. "पाहुणे खोळंबलेत. पान मांडलंय."

मी निंगप्पाकडे बघितलं. त्याने निमूटपणे दिवा लावला, कोहळा फोडायला बाहेर नेला आणि सगळ्यांना चुरमुरे वाटून प्रयोगशाळेला कुलूप घातलं. माझी माती आत, माझा दांडा मातीत आणि मी अप्पांच्या मागे सायकल हाणत घरी. त्या दिवसाइतका राग मला पुढे कधी आला नाही, आणि मी पुढे विभागप्रमुखही झाले होते. विजयादशमीला मिरवणूक बघायला कुणाच्या तरी गच्चीवर नेलं, तिथे मी हत्तीकडे पाठ करून बसले. नंतरही सुट्ट्याच. पाहुण्यांसाठी पुरण वाटत होते आणि मनात पॉलिटेक्निकच्या फळ्यावर खडूने नाव लिहीत होते.

कॉलेज उघडलं त्या सकाळी मी यंत्राशी गेले ती भांडं रिकामं करून धुवायला. माळ सुकली होती. मातीवरचं तेल मात्र होतं तसं होतं, खाली माती ओलीच. काय वाटलं कोण जाणे, गंध पुसून मी बटण दाबलं. काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथे आपटून थरथरत राहिला. एवढा जोर त्या मातीने कधीच लावला नव्हता. निंगप्पाने लांबूनच हात जोडले. मी पटकन बंद केलं, म्हटलं, गेलं, यंत्र गेलं, हळद-कुंकू आत शिरलं, आता सर मला हाकलणार. मग दांडा काढला, माती जोरजोरात ढवळली आणि पुन्हा सुरू केलं. काटा मुकाट्याने नेहमीच्या जागी आला. ढवळल्या ढवळल्या तो नेहमी असाच असायचा. म्हणजे यंत्र ठीक होतं. माती सुकलेलीही नव्हती, नाहीतर ढवळून पुन्हा पहिल्यासारखी झाली नसती. ती फक्त बसून राहिली होती आणि बसल्या बसल्या घट्ट होत गेली होती. तासाभरात ती थांबत नव्हती. ती थांबतच नव्हती!

मी तिथल्या स्टुलावर बसले आणि माझ्यापुढे आमचं स्वयंपाकघर उभं राहिलं. सोमवारी आईचा उपास, जेवण साधं, मी लवकर परत. सोमवारचा आकडा नेहमी कमी. पाहुणे असले की पंगत लांबायची, आकडा जास्त. शनिवारी अप्पांची शाळा सकाळची, ते निवांत, ताकभातावर त्यांचं एक भाषण ठरलेलं. शनिवारचा आकडा सगळ्यांत वर. मी वर्षभर मातीचं मोजमाप करत नव्हते. मी आमच्या घरच्या पंगतीचं मोजमाप करत होते. मला हसू आलं आणि हसता हसता मी टेबलावर मूठ आपटली, कारण जे घर माझं संशोधन बुडवतंय म्हणून मी ओरडत होते, ते खरंच बुडवत होतं आणि तेही इतक्या नेमाने.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "तेल होतं?" "होतं, सर." "ढवळून बघितलंस?" "बघितलं." त्यांनी माझा आलेख पुढे ओढला. मग म्हणाले, "पुस्तकातला तास मीही खरा धरला होता. आता नीट कर. एक तास, दोन, चार, संध्याकाळपर्यंत. दर वेळी नेमका तेवढाच वेळ, एक मिनिट इकडेतिकडे नाही. हे जमलं तर विषय तुझा." मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी हाक मारली. "आणि ऊट? जेवणाचं काय करणार? ती शिट्टी?" सरांनाही शिट्टी माहीत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दुपारी पानावर बसून मी अप्पांना सांगितलं की उद्यापासून मी दुपारी घरी येणार नाही, डबा नेईन. अप्पांनी उचललेला घास खाली ठेवला.

"चार घास खायला किती वेळ लागतो?" अप्पा म्हणाले.

"वेळ लागण्याचा प्रश्न नाही, अप्पा. मला तिथून हलताच येत नाही."

"पंगत मोडायची नाही. या घरात आजपर्यंत मोडलेली नाही."

मी भांडायला तोंड उघडलं, पण आई तूप वाढता वाढता थांबली. आई अप्पांशी कधी वाद घालत नसे. ती भांडायची ती गवळ्याशी आणि माझ्याशी. "काय हो," ती म्हणाली, "तुमचे पणजोबा लढाईवर असायचे, तेव्हा दुपारी पानावर यायचे काय?"

अप्पांनी पानातलं लिंबू इकडचं तिकडे केलं.

"नाही अल्वा? मग. तिच्या आयुधाची पूजा मी सुम्ने, उगीच केली होय? या घरात बायकांचं आयुध म्हणजे विळी. पहिल्यांदा एकीला दुसरं मिळालंय. तिला लढू दे की."

अप्पांनी सारुभात कालवला आणि जेवले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. आईने पुढे आयुष्यभर, माझ्या लग्नात, माझ्या प्रबंधाच्या पेढ्यांच्या वेळी, अगदी माझ्या निवृत्तीच्या समारंभातसुद्धा सांगितलं, की मी हात लावू दिला नाही म्हणून हिचं झालं. शोध माझा, श्रेय तिचं! मी किती चिडायचे. आता ती नाही, आणि हे वाक्य मीच मुलांना सांगत असते.

दुसऱ्या दिवशी मी चित्रान्नाचा डबा घेऊन गेले. दुपार झाली. मी एक डोळा घड्याळावर आणि एक कान फाटकाकडे ठेवून बसले होते. शिट्टी वाजली नाही. माती थिजत राहिली, काटा दर खेपेला थोडा वर चढत राहिला, आणि संध्याकाळी शेवटचा आकडा घेऊन मी घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. अप्पा ओसरीवर बूट पॉलिश करत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "झालं काम?" मी म्हटलं, "झालं."

आई रगडा धूत होती. मी हळूच विचारलं, "अप्पा जेवले का गं दुपारी?"

"जेवले की. शिट्टी गळ्यात घालून आपल्या फाटकापर्यंत गेले, परत आले. पाटावर बसले. तुझ्या पानाकडे बघितलं आणि म्हणाले, वाढ."

"माझं पान कशाला मांडलंस? मी येणार नव्हते ना?"

"मी कुठे मांडलं?" आई म्हणाली. "त्यांनीच मांडलं."

पान अजून तिथेच होतं, वर ताट झाकलेलं. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं भांडत होते ते मला मिळालं होतं, आणि मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मग तोंड धुऊन त्या पानावर बसले. सारु गार झाला होता. दोन घास खाल्ले असतील, तोच अप्पा हात पुसत आत आले आणि समोरच्या पाटावर बसले. त्यांच्यापुढे पान नव्हतं. त्यांना भूकही नव्हती. माझं जेवण होईपर्यंत ते बसून होते.